चार फुटी रोटावेटर घेताना आधी खाली वाकून बघा

मिनी ट्रॅक्टरला रोटावेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती मोकळी करणारं अवजार, घ्यायचा म्हटलं की दुकानात पहिला प्रश्न येतो, "गिअरचा देऊ की चेनचा?" दुसरा येतो, "पाती किती पाहिजेत?" या दोन उत्तरांवर लोक लाखाच्या घरातलं यंत्र ट्रॉलीत घालून घरी नेतात. आमच्या शिवारात शेडच्या मागे जे छोटे रोटावेटर गंजत पडलेत, त्यातला एकही पाती झिजली म्हणून पडलेला नाही. पाती काय, बदलता येतात. सगळे मेले ते रोटरच्या, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या दांड्याच्या, टोकाशी, आतलं तेल अडवणाऱ्या सीलपाशी. आणि दुकानात नेमकं तेवढंच कोणी बघत नाही, कारण त्यासाठी गुडघे टेकावे लागतात.

कुठे वापरला ते आधी सांगते, म्हणजे तुमच्या रानाशी ताडून बघता येईल. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. जमीन काळी, पावसाळ्यात पाय रुतेल अशी आणि एप्रिलात भेगा पडतील अशी. लागवड नऊ बाय पाच फुटांवर. दोन्ही बाजूंचे बोद, म्हणजे वेलींखालचे मातीचे उंचवटे, वजा केले की मधे जेमतेम पाच-साडेपाच फुटांचा पट्टा मोकळा राहतो. ट्रॅक्टर कुबोटाचा बी2441, 24 एचपी, चारही चाकं ओढणारा. घरचे सिन्नरला कंपनीत असतात, त्यामुळे बाग मी आणि नाना, म्हणजे माझे सासरे, बघतो. फवारणीचा ब्लोअर भाऊजी चालवतात, रोटावेटर मी. अशी वाटणी कोणी ठरवून केली नाही, पडत गेली.

बाजारात नावं भरपूर आहेत. राजकोटचा शक्तिमान आहे, कर्नालचा फील्डकिंग आहे, मास्चिओ इटलीचा असला तरी त्याचा कारखाना आपल्या रांजणगावला आहे. शिवाय ट्रॅक्टर कंपन्यांचे स्वतःचे आहेतच. मी घेतलेल्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की खाली दोन पार्ट्या पडतात, आमचाच भारी म्हणून भांडणं होतात आणि सीलचं राहतं बाजूला. मी जे बघून घेतलं ते कुठल्याही कंपनीच्या मशीनवर बघता येतं.

तर हे सील प्रकरण. रोटावेटरच्या आडव्या रोटरला दोन टोकं. एका टोकाला साइड गिअरची पेटी, तिच्यात तेल. दुसऱ्या टोकाला बेअरिंगचं हाऊसिंग. मशीन चालू असताना दोन्ही टोकं मातीला लागूनच. आत तेल, बाहेर माती, आणि मधे रबराची एक पातळ लिप. आता द्राक्षबागेच्या जमिनीत काय काय असतं ते आठवा: वेल बांधायची सुतळी, ड्रिपच्या जुन्या लॅटरल नळ्यांचे तुकडे, नायलॉनची दोरी, हराळीचे हातहातभर दोर. रोटर हे सगळं अंगाभोवती गुंडाळून घेतो आणि गुंडाळी सरकत सरकत टोकाला जाऊन बसते. तिथे ती फिरते, तापते, आवळते आणि सील कापते. तेल गळायला लागतं, पण जमीनच ते पिऊन टाकते, डाग दिसत नाही. पेटी कोरडी होते तेव्हा आवाज येतो, आणि आवाज आला म्हणजे गिअर गेलेला असतो.

भाऊजींनी आधी एक जुना रोटावेटर आणला होता, त्याचं हेच झालं. ओझरच्या मिस्त्रींनी तो आमच्यासमोर खोलला. टोकाची गुंडाळी डांबरात बुडवलेल्या दोरखंडासारखी काळी, कडक झाली होती. हाताने निघेना, छिन्नीने तोडली. नायलॉनच्या दोरीचे पदर वितळून एकमेकांत मिसळले होते आणि मधे ड्रिपचा एक ड्रिपर अख्खा अडकलेला. त्यामागचं सील दोन तुकड्यांत हातात आलं. बेअरिंग तापून निळं पडलेलं. पेटीत तेल म्हणावं असं काही नव्हतं, मातीचं काळं कालवण होतं. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, दुरुस्त करून देतो, पण या मशीनला टोकाला संरक्षणच नाही. पुढच्या छाटणीला परत घेऊन याल." ते वाक्य डोक्यात ठेवूनच मी नवीन बघायला निघाले.

पिंपळगाव बसवंतच्या एका दुकानात विक्रेता म्हणाला, "ताई, साहेबांना घेऊन या, मग सविस्तर दाखवतो." म्हटलं, साहेब कंपनीत आहेत आणि हे मशीन मी चालवणार आहे, तुम्ही ते चेनब्लॉकने उचला. त्याने नाइलाजाने उचललं. खाली वाकून बघितलं तर रोटर आणि बाजूच्या पत्र्याच्या मधे बोट जाईल एवढी फट, आणि ती झाकायला काहीच नाही. वेल्डिंगचे शिंतोडे न घासता त्यावरच रंग मारलेला, नखाने ओढला तर पापुद्रा निघाला. दुसऱ्या मशीनला टोकावर लोखंडी कडं होतं, पण टाके मारून कायमचं बसवलेलं. म्हणजे आत सुतळी गेलीच तर ती काढायला वेल्डर बोलवायचा. तिसऱ्याचं कडं बोल्टवर होतं. चार बोल्ट सोडले की कडं हातात, सुतळी कापायची, परत बसवायचं. तोच घेतला. विक्रेत्याला वाटलं रंग आवडला.

महागड्या मशीनमध्ये रबरी सीलऐवजी धातूच्या दोन घासून बसवलेल्या कड्यांचं सील मिळतं. चिखलात ते जास्त टिकतं. भातवाल्यांनी त्याचे पैसे जरूर द्यावेत. आमच्या कोरड्या कामाला एकापेक्षा जास्त लिप असलेलं रबरी सील आणि वर कडं एवढ्यावर भागलं आहे. वर्षाच्या वर झालं, तेलाची पातळी हलली नाही. मात्र दर वेळी काम झालं की कडं सोडून बघते. विळ्याच्या टोकाने सुतळी कापायची म्हणजे पाच-दहा मिनिटांचं काम. नाना म्हणतात, गाईची खुरं बघायला तू एवढी वाकत नाहीस.

बाजूच्या पेटीत रोटर फिरवायला गिअर हवेत की चेन, याबद्दल माझं मत दुकानदारांपेक्षा मवाळ आहे. चेन म्हणजे वाईट असं नाही. दगड लागला तर चेन थोडा झटका खाते आणि तुटलीच तर गावात जोडून मिळते. पण ती ताणते, ताण बघायला पेटी उघडावी लागते, आणि उघडलेली पेटी शेतकरी पुन्हा किती नीट बंद करतो हे आपण सगळे जाणतो. गॅस्केटच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावलेला मी स्वतः पाहिला आहे. गिअरची पेटी उघडायचं काम पडत नाही, म्हणून मी गिअरचा घेतला. मुरमाड, दगडगोट्यांची जमीन असेल आणि मिस्त्री जवळ असेल तर चेनवाला घेणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही.

पात्यांकडे वळू. संख्येपेक्षा आकार आणि पोलाद बघा. तणाच्या, पालापाचोळ्याच्या जमिनीला एल आकाराची पाती चांगली, चिकट आणि भारी जमिनीला सी आकाराची, कारण त्यांना माती कमी चिकटते. आम्ही एल लावली आहेत, कारण काळ्या जमिनीत ओल असताना आम्ही रोटावेटर घालतच नाही. दुकानदार सगळ्याच पात्यांना "बोरॉन स्टील" म्हणतात. खरं खोटं करायला माझ्याकडे प्रयोगशाळा नाही, पण एक कागद आहे तो मागता येतो. मध्य प्रदेशात बुधनीला आणि हरियाणात हिसारला केंद्र सरकारच्या शेतीयंत्रं तपासणाऱ्या संस्था आहेत. त्यांच्या चाचणी अहवालात पात्यांचा कठीणपणा, धातूचे घटक आणि चाचणीत झालेली झीज आकड्यांत लिहिलेली असते. मी अहवाल मागितला तेव्हा एका दुकानात चहा आला, दुसऱ्या दुकानात अहवाल आला. अहवाल बघताना मॉडेलचा नंबर मशीनच्या पट्टीवरच्या नंबराशी जुळवा. पाच फुटीचा अहवाल दाखवून चार फुटी विकायची हौस पुष्कळांना आहे.

घरी करता येईल अशी तपासणी म्हणजे वजन. क्रेट तोलायच्या काट्यावर मी नवीन पातं तोलून ठेवलं होतं. एप्रिलातल्या खरड छाटणीच्या आधीचं काम उरकल्यावर तेच पातं शे-सव्वाशे ग्रॅमने हलकं भरलं. टोकाकडची पाती मधल्यांपेक्षा जास्त झिजतात, कारण ट्रॅक्टरच्या चाकाने दाबलेली माती त्यांच्या वाट्याला येते. म्हणून हंगामाच्या मधे टोकाची आणि मधली पाती अदलाबदल करून लावली. ती लावताना एक पथ्य: पाती रोटरवर मळसूत्रासारखी फिरत गेलेली असतात, म्हणजे एका वेळी एकच पातं जमिनीला लागावं. सोडताना खडूने खुणा करा. क्रम चुकला की ट्रॅक्टर उड्या मारतो आणि पाठीचा मणका तक्रार करतो. पात्यांच्या बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा मजबुतीचा आकडा कोरलेला असतो, तो नसलेला स्वस्त बोल्ट लावू नका. आणि नवीन मशीन तासभर चालवलं की सगळे बोल्ट पुन्हा आवळा, पहिल्या तासात ते सैल होतातच.

लोहाराकडे भट्टीत घालून पाती शेवटून, म्हणजे ठोकून धार काढून, घेणारेही आहेत. धार येते, पण पोलादाचं पाणी उतरतं. मग ती पाती मेणासारखी झिजतात. दोनशे रुपये वाचवायला जाऊन नवीन संच आणावा लागतो.

आता दुकानदार सांगायला सगळ्यात जास्त विसरतात ती गोष्ट, पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद रोटावेटरपर्यंत नेणारा फिरता दांडा. रोटावेटरबरोबर जो शाफ्ट येतो तो सगळ्या ट्रॅक्टरना चालेल अशा बेताने लांब ठेवलेला असतो. मिनी ट्रॅक्टरला तो बहुतेक वेळा जास्त लांब पडतो. मशीन वर उचललं की ट्रॅक्टर आणि रोटावेटरमधलं अंतर कमी-जास्त होतं, आणि लांब शाफ्ट पूर्ण आत गेला की तो थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर रेटा देतो. नवीन मशीनचा गिअरबॉक्स कण्हायला लागण्याचं निम्मं कारण हे असतं. शाफ्ट आपल्या ट्रॅक्टरला जोडून, मशीन हळूहळू वर-खाली करून, सगळ्यात कमी अंतर होईल तिथे इंचभर जागा मोकळी राहील इतकाच कापून घ्यायचा. दोन्ही नळ्या सारख्या कापायच्या, प्लॅस्टिकचं कव्हरही तेवढंच. मी दुकानातच ट्रॅक्टर नेला होता आणि कापून घेतल्याशिवाय पैसे दिले नाहीत. कव्हर काढून टाकायचा सल्ला तिथल्याच एकाने दिला, ग्रीस मारायला सोपं जातं म्हणे. फिरत्या शाफ्टमध्ये उपरण्याचं किंवा ओढणीचं टोक गेलं तर सोडवायला वेळ मिळत नाही. मी ट्रॅक्टरवर बसताना ओढणी घरी ठेवते आणि कव्हर जागेवर.

शाफ्टमधला शिअर बोल्ट मुद्दाम मऊ दिलेला असतो. दगड किंवा मांडवाचं खुंट लागलं तर तो तुटावा आणि गिअर वाचावा, यासाठी. तो वारंवार तुटतो म्हणून भाऊजी एकदा कडक बोल्ट लावायला निघाले होते. त्यांच्या हातातून काढून घेतला. पंधरा-वीस रुपयांच्या बोल्टने गिअरबॉक्स वाचत असेल तर तो रोज तुटला तरी चालेल.

रुंदीबद्दल लोक गोंधळतात, पण हिशोब सोपा आहे. मागच्या दोन्ही चाकांची पावलं झाकली जातील एवढी रुंदी हवी, त्याहून फार जास्त नको. 24 एचपीच्या ट्रॅक्टरला चार फुटी बेताचा, 15-18 एचपीच्याला तीन फुटी. आमच्या ट्रॅक्टरची उचल 750 किलोपर्यंत आहे, तिला हे वजन जड नाही, पण हलक्या ट्रॅक्टरला पुढची चाकं उचलली जातात. मशीन डावी-उजवीकडे सरकवायची सोय असेल तर तीही घ्या. एका बाजूला सरकवून बोदाच्या कडेपर्यंत जाता येतं आणि चाक मात्र मधल्या पट्ट्यातच राहतं. जोडणीच्या पिनाही बघा. मिनीला पहिल्या कॅटेगरीच्या 22 मिलिमीटरच्या पिना लागतात, मोठ्याच्या 28 च्या असतात. बुश घालून भागवलेली जोडणी खडखडत राहते.

कामाबद्दल बोलायचं तर काम छान आहे. खालच्या पहिल्या दोन गिअरमध्ये, तीन-चार इंच खोलीवर चालवलं की तण आणि शेणखत मातीत नीट कालवलं जातं. मागचं झाकण उघडं ठेवलं की ढेकूळ राहतं, टेकवलं की माती मोकळी, भुसभुशीत होते. भुसभुशीत माती फोटोत चांगली दिसते, पण काळ्या जमिनीत पहिल्या पावसात तीच चिंब होऊन बसते, म्हणून मी झाकण अर्ध्यावर बांधते. रोटर जोरात फिरवून एका फेरीत मऊ माती करायचा मोह होतो, त्यात पाती दुप्पट झिजतात आणि गांडुळांचंही भलं होत नाही. वर्षातून दोनदा, एकदा खरड छाटणीच्या आधी आणि एकदा ऑक्टोबरच्या सुमाराच्या गोडी छाटणीच्या आधी, एवढाच आम्ही वापरतो. दर पंधरा दिवसांनी फिरवणाऱ्यांच्या बागेत चार इंचांखाली कुदळ टाकून बघा, ठण्ण आवाज येतो. वर मऊ, खाली फरशी. शिवाय द्राक्षाच्या पांढऱ्या मुळ्या वरच्या थरातच असतात, त्या कापून वर पुन्हा मुळ्या फुटायची औषधं सोडायची, हा उद्योग मला झेपत नाही. छाटलेल्या काड्यांवर मात्र रोटावेटर घालू नका. जाड काडी तुटत नाही, रोटरमध्ये आडवी बसते. त्याला काड्यांचा चुरा करणारा श्रेडरच हवा.

तक्रारी आहेत. खोली ठरवायच्या बाजूच्या घसरपट्ट्या फारच पातळ दिल्यात, हंगामातच कडा धारदार झाल्या. गावात वेल्डरकडून खाली जाड पट्टी मारून घेतली. एक ग्रीस निपल झाकणाच्या अशा मागे आहे की ग्रीसगन तिथे सरळ बसतच नाही, ज्याने ती जागा ठरवली त्याने स्वतः कधी ग्रीस मारलं नसावं. मागच्या झाकणाची बिजागरी खुळखुळते. पुस्तिका हिंदी आणि इंग्रजीत, मराठीत नाही. नाशिक-सांगली-सोलापूर पट्ट्यात एवढी मशीनं विकणाऱ्या कंपनीला चार पानं मराठीत छापायला काय हरकत आहे? रंग पहिल्याच पावसाळ्यात गेला, त्याचं मला दुःख नाही.

पैशाचं. चार फुटी, गिअरचा, बऱ्यापैकी कंपनीचा घ्यायचा तर 80 हजार ते 1 लाख धरून चाला. 22 सप्टेंबर 2025 पासून शेतीच्या अवजारांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या दरपत्रकावर कोणी भाव सांगत असेल तर विचारा. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज केला की अनुदान मिळतं: अल्प आणि अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातींना 50 टक्के, इतरांना 40, आणि वर कमाल मर्यादा. महिला म्हणून अर्ज करायचा तर सातबारा बाईच्या नावावर लागतो. आमचा उतारा नानांच्या नावावर, त्यामुळे चालवणार मी आणि लाभार्थी नाना. पूर्वसंमती पत्र हातात यायच्या आधी खरेदी करू नका. "बिल नंतरच्या तारखेचं करून देतो" म्हणणारा दुकानदार भेटेलच, त्याला नमस्कार करा आणि पुढच्या दुकानात जा.

वॉरंटीत सील, पाती आणि बोल्ट बसत नाहीत, म्हणजे जे बिघडतं तेच नेमकं बसत नाही. म्हणून घेण्याआधी सुट्या भागांची चौकशी केली. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे छापलेले असतात. ते आकडे असलेलं सील साध्या बेअरिंगच्या दुकानात मिळतं का, हे पिंपळगावात आणि ओझरला विचारून आले. मिळतं म्हटल्यावरच टोकन दिलं. एका कंपनीचं सील फक्त त्यांच्याच डेपोतून येणार होतं, आठवडाभराने. छाटणी आठवडाभर थांबत नाही, म्हणून ते मशीन चांगलं असूनही सोडलं. आमच्या सीलचे, बेअरिंगचे आणि शाफ्टच्या क्रॉसचे नंबर मी शेडच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून ठेवलेत, तेलाचा ग्रेडही. भाऊजी असोत की मिस्त्रींचा पोरगा, फोन करून विचारायला नको.

दोन-अडीच एकरांच्या आत बाग असेल तर विकत घेऊच नका, तासावर भाड्याने आणा. फक्त मशीन बागेत शिरायच्या आधी त्याच्या रोटरची टोकं बघा. दुसऱ्याच्या रानातली हराळी आणि लव्हाळ्याच्या गाठी त्या गुंडाळीतून आपल्या बागेत येतात, आणि लव्हाळा एकदा आला की रोटावेटर त्याचे तुकडे करून बागभर लावून देतो.